पॉड घ्यायचा की गाडी काढायची? नागपूरहून निघण्याआधी हिशेब असा मांडा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो. "पेंचजवळ पॉड पाच हजारांत आहे, पचमढीला हॉटेल बावीसशेत आहे. म्हणजे पॉड महागच झाला ना?" चूक या प्रश्नातच आहे. पॉडच्या पाच हजारांत मुक्काम, नाश्ता आणि विरंगुळा बहुतेक आटोपतो. पचमढीच्या बावीसशेत फक्त पलंग मिळतो, पेट्रोल, जिप्सी (तिथे फिरायची भाड्याची जीप) आणि सात वेळची जेवणं बाहेरच राहतात. दोन्ही बाजूंचा खर्च घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत मोजला, तरच तुलनेला अर्थ आहे. तो कसा मोजायचा आणि कुठल्या क्रमाने, ते खाली सांगतो. क्रम महत्त्वाचा, कारण बहुतेक पैसे क्रम चुकल्यानेच जातात.

शब्द आधी नक्की करू. पॉड म्हणजे लाकडाची किंवा फायबरची, पक्क्या भिंतींची छोटी खोली. आत पलंग, जोडून बाथरूम, बाहेर बसायला ओटा. स्विस टेंट (पलंग असलेला मोठा कापडी तंबू) आणि डोम (घुमटासारखी गोल खोली) त्याचेच भाऊबंद, पण नागपूरच्या हवेत तिघांचं वागणं फार वेगळं असतं. फिरती सहल म्हणजे स्वतःची किंवा भाड्याची गाडी काढून दोन-तीन रात्रींची भटकंती. विलायतेतल्या लेखांत टूरिंग म्हणतात ते निराळं. तिथे गाडीमागे कॅराव्हान जोडतात आणि झोपायची जागा बरोबर ओढत नेतात. इथे आपण रोज रात्री खोली विकत घेतो, त्यामुळे तिथे टूरिंग स्वस्त ठरतं की महाग, तो निष्कर्ष इथे चिकटवू नका.

## पायरी १ : माणसं मोजा, मग गुडघे मोजा

कागदावर पहिली ओळ ही लिहा: मोठे किती, मुलं किती आणि कोणत्या वयाची, ज्येष्ठ किती. पॉडचं भाडं बहुतेक ठिकाणी दोघांचं असतं. तिसऱ्या माणसापासून जादा गादीचे पैसे सुरू होतात. मूल पाच वर्षांखालचं असेल तर बहुधा फुकट, पण वयाची ही रेघ प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. सहलीत उलट चालतं. गाडी आणि पेट्रोल चौघांत वाटलं जातं, पाचवा आला तर आणखी स्वस्त पडतं.

गुडघ्यांचं म्हणाल, तर पॉडला दोन-तीन पायऱ्या असतात आणि जेवणाची जागा शंभर-दीडशे पावलांवर असते, तीही रात्री अंधारातून. सहलीत रोज बॅगा बांधायच्या, पाच-सहा तास गाडीत बसायचं, घाटात मळमळ सोसायची. सत्तरीच्या आईला यातलं काय झेपेल हे तिलाच विचारा. "मला काहीही चालतं" हे आईचं उत्तर धरू नका, पुन्हा विचारा.

तपासा: पॉडमध्ये तिसरी गादी जमिनीवर घालतात की खरा पलंग लावतात? छोट्या पॉडमध्ये गादी घातली की बाथरूमचा दरवाजा अर्धाच उघडतो. गादी घातलेल्या खोलीचा फोटो मागवा.

## पायरी २ : महिना ठरवा, कारण भिंत कशाची हवी ते महिनाच सांगतो

इथे घाई करू नका. नागपूरकर सगळ्यात जास्त पस्तावतात ते याच पायरीवर.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य: तंबू, पॉड, डोम, काहीही चालतं. मात्र डिसेंबर-जानेवारीत जंगलाकडे पारा शहरापेक्षा खाली जातो आणि कापडी तंबू ऊब धरत नाही. जाड रजया किती देता हे विचारा. गरम पाणी गीझरचं की सोलरचं, हेही विचारा. सफारीला पहाटे पाचला अंघोळ करून निघायचं असेल, तर सोलरच्या टाकीतलं पाणी रात्रभरात कोमट होऊन बसलेलं असतं.

मार्चचा मध्य ते पावसाची पहिली सर: वाघ पाणवठ्यावर येतात म्हणून जंगलाची गर्दी याच दिवसांत असते, आणि ऊन ४५ अंशांच्या घरात जातं तेही याच दिवसांत. या काळात इन्सुलेशन असलेला, पक्क्या भिंतींचा, एसीचा पॉड सोडून दुसरं काही घेऊ नका. कापडी तंबूत एसी लावलेला असतो खरा, पण शिवणीतून आणि चेनमधून थंडावा निघून जातो. पारदर्शक डोमचं तर नावच काढू नका. काचेच्या घरात रोपं वाढवतात त्याच न्यायाने ऊन आत शिरतं आणि उष्णता अडकून पडते. एका एप्रिलमध्ये हौसेने घेतलेल्या अशाच डोममधून आम्ही सकाळी दहाला बाहेर पडलो आणि दिवसभर जेवणाच्या हॉलमधल्या कूलरपुढे बसून राहिलो. चांदण्या दिसल्या, हे खरं. त्या घराच्या गच्चीवरूनही दिसल्या असत्या.

पावसाळा: ताडोबा आणि पेंचचा गाभा (कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग) १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, काही फेऱ्या चालू राहतात, पण फक्त वाघासाठी जात असाल तर हे तीन महिने वगळा. कूलरच्या भरवशावर असलेल्या तंबूत पावसाळी दमट हवेत कूलर निरुपयोगी, आणि कापडावर रात्रभर पावसाचा ताशा. फिरत्या सहलीला मात्र याच दिवसांत बहार येते: चिखलदरा, तामिया, पचमढी. फक्त घाट अंधार पडायच्या आत उतरायचा.

सावध: "एसी आहे" एवढ्यावर थांबू नका. वीज गेल्यावर एसी जनरेटरवर चालतो की इन्व्हर्टरवर फक्त पंखा आणि दिवे, हा खरा प्रश्न आहे.

## पायरी ३ : सफारी आधी, मुक्काम नंतर

जंगल बघायचं नसेल तर ही पायरी सोडा. पण जंगलाच्या कडेचा पॉड घेऊन जंगलात न जाणं म्हणजे सावजीत जाऊन दहीभात मागवणं.

बहुतेक लोक पॉडच्या फोटोवर भाळून आधी मुक्काम बुक करतात आणि मग सफारी शोधतात. तोवर परवाने संपलेले असतात, किंवा मिळतात ते भलत्याच गेटचे. पेंच दोन राज्यांत आहे. सिल्लारी आणि खुर्सापार ही महाराष्ट्राची गेटं, तुरिया मध्य प्रदेशचं. दोन्हींचं बुकिंग वेगळं, एकाचा परवाना दुसऱ्याला चालत नाही. माझी स्वतःची चूक हीच: सफारी सिल्लारीची आणि तंबू तुरियाच्या बाजूला. पहाटेच्या धुक्यात झोपाळलेल्या पोरांना घेऊन हायवेवरून मागे पळत आलो. गेटवर पोचलो तेव्हा जिप्सी निघायच्या बेतात होती. ताडोब्यातही मोहर्ली आणि कोलारा ही दोन गेटं जंगलाच्या दोन टोकांना आहेत. नागपूरहून जाणाऱ्याला कोलारा जवळ पडतं.

म्हणून क्रम असा:

१. कोणत्या गेटचा परवाना मिळतोय ते बघा.
२. परवाना काढा. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच टाका. तेच मूळ ओळखपत्र बरोबर न्यायचं. माणूस बदलला तर परवाना त्याला चालत नाही.
३. मग त्याच गेटपासून अर्ध्या तासाच्या आतला मुक्काम शोधा.

तपासा: ताडोबा मंगळवारी बंद. तुरियाला बुधवारी दुपारची फेरी नसते. रविवार-सोमवारचं भाडं उतरलेलं दिसतं म्हणून हुरळून जाताना हे लक्षात असू द्या. अर्थात फक्त सोमवारच्या दोन फेऱ्या करून मंगळवारी निवांत उठायचं असेल, तर तोच सौदा चांगला.

## पायरी ४ : पॉडचं भाडं फोडा

जाहिरातीतला आकडा म्हणजे संत्र्याची साल. आत किती फोडी आहेत ते फोन करूनच कळतं. विचारायचं ते असं:

भाडं कोणत्या प्लॅनचं? सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता. एमएपी म्हणजे त्यात एक जेवण. एपी म्हणजे तिन्ही वेळचं खाणं. "जंगल प्लॅन" म्हटलं तर सहसा सफारीही धरलेली असते, पण किती फेऱ्या आणि गाभ्याच्या की बफरच्या, हे लिहून घ्या. पॉड अनेकदा गावापासून दूर असतात. बाहेर जेवायला जागा नसते, म्हणून तिथल्या जेवणाचा दर हा भाड्याचाच भाग समजा.

कर धरून की वगळून? २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. सात हजार आठशेचा पॉड कर लागून नऊ हजारांच्या वर जातो. तीनशे रुपये कमी करवून घेतले तर तोच ७,८७५ ला पडतो. घासाघीस कुठे करायची ते या रेघेवरून ठरवा. जादा गादी धरून रक्कम रेघ ओलांडत असेल तर कर कसा लावणार, हेही आधीच विचारा.

तास किती? दुपारी दोनला आत, सकाळी अकराला बाहेर, म्हणजे एक रात्र २१ तासांची. दोन रात्री ४५ तासांच्या. एका रात्रीत पोचणं, जेवणं, झोपणं आणि निघणं एवढंच होतं. एका रात्रीसाठी पॉड घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. खुर्चीत बसून काहीच न करण्याचे पैसे असतात ते, आणि तो वेळ दुसऱ्या दिवशीच मिळतो.

३१ डिसेंबरला अनेक ठिकाणी सक्तीचं रात्रीचं जेवण माणशी लावतात. त्या आठवड्यात जायचं असेल तर हा आकडा आधी विचारा, भाडं नंतर.

## पायरी ५ : सहलीचा खर्च किलोमीटरने काढा

स्वतःची गाडी असेल तर पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १५ धरून किलोमीटरला ७ रुपये होतात. त्यात टायर, ऑइल, सर्व्हिसिंगचे ३ मिळवा. १० रुपये किलोमीटर हा घरगुती हिशेबाला बरा आकडा आहे. "गाडी तर घरचीच आहे" म्हणून नुसतं पेट्रोल धरणं ही या पायरीवरची नेहमीची चूक.

भाड्याची गाडी असेल तर चार गोष्टी ठरवा: दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार (बहुधा २५० किंवा ३००, गाडी उभी राहिली तरी), किलोमीटर तुमच्या दारापासून की त्यांच्या गॅरेजपासून, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्रीचा मुक्काम कोणाकडे, आणि मध्य प्रदेशात जाताना परमिटचा कर कोण भरणार. हा शेवटचा प्रश्न खवासाच्या सीमेवर विचारून उपयोग नाही.

टोलसाठी वार्षिक फास्टॅग पास घेतला असेल तर राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांचे पैसे शून्य धरा. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. समृद्धीवर तो चालत नाही, आणि भाड्याच्या टॅक्सीलाही नाही.

पोचल्यावरचं फिरणंही मोजा. पचमढीत वनक्षेत्रातल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःची गाडी नेता येत नाही, तिथली जिप्सी करावी लागते. नागपूरहून गाडी घेऊन गेलेले लोक दोन दिवस ती हॉटेलखाली उभी ठेवतात आणि जिप्सीचे पैसे बघून चकित होतात.

## पायरी ६ : दोन्ही एकाच मापात बसवा

माप एकच: दर माणशी, दर रात्री, सगळं धरून. खालचे आकडे नमुन्याचे आहेत. पद्धत उचला, आकडे तुम्हाला मिळालेले घाला. माणसं चार: तीन मोठे, एक दहा वर्षांचं मूल.

पॉड, पेंच, दोन रात्री
- भाडं ५,००० + मोठ्याची गादी १,२०० + मुलाची ८००, दोन रात्री: १४,०००
- ५ टक्के कर: ७००
- तीन वेळची जेवणं करासह: ५,६७०
- येणं-जाणं आणि आसपास, २०० किलोमीटर: २,०००
- टोल ४००, परतीचं ढाब्यावरचं जेवण ८००, चहा-भजी ६००
- एकूण २४,१७०. चार माणसं, दोन रात्री, म्हणजे ८ ने भागा: सुमारे ३,०२०

फिरती सहल, छिंदवाडा-तामिया-पचमढी, तीन रात्री
- दोन खोल्या २,२०० प्रमाणे, तीन रात्री: १३,२००
- ५ टक्के कर: ६६०
- ६५० किलोमीटर: ६,५००
- टोल: ८००
- सात वेळची जेवणं ८,४००, नाश्ते १,२००
- पचमढीत दोन दिवस जिप्सी: ५,०००
- तिकिटं, पार्किंग, किरकोळ: १,५००
- एकूण ३७,२६०. १२ ने भागा: सुमारे ३,१०५

"महाग" पॉड आणि "स्वस्त" हॉटेल एका पातळीवर आले. आता पॉडमध्ये सात हजारांची एक सफारी घाला, तोच आकडा ३,९०० च्या जवळ जातो. म्हणजे महाग पॉड नाही, वाघ महाग आहे. तो खर्च वेगळ्या रकान्यात ठेवा, त्याचा राग पॉडवर काढू नका.

याच दरांनी सहा मोठ्यांचा हिशेब करा. दोन पॉड, प्रत्येकी एक जादा गादी, सात आसनी गाडी १२ रुपये किलोमीटरने: माणशी रात्रीला सुमारे ३,३७०. सहलीला तीन खोल्या, तीच गाडी, तीच एक जिप्सी: सुमारे २,८२०. इथे सहल सरळ पुढे जाते, कारण गाडी आणि जिप्सी सहांत वाटली गेली आणि पॉडचे पैसे मात्र डोकी वाढली तसे वाढत गेले. नवराबायको दोघंच असाल तर दोन्हीकडे साधारण ४,२०० च्या आसपास येतं, पण खिशातून एकूण जातात पॉडला १७ हजारांच्या आत आणि सहलीला २५ हजार. बजेट एकूण रकमेचं असेल तर दोघांनी पॉडकडे वळावं.

सावध: रात्रींची संख्या सारखी करायला म्हणून पॉडला तिसरी रात्र जोडू नका. तिसऱ्या दिवशी मुलं कंटाळतात आणि तुम्ही मोबाइलला रेंज शोधत कुंपणाशी फिरता.

## पायरी ७ : पैसे भरण्याआधीचे पाच मेसेज

बोलणं फोनवर करा, पण ठरलेलं सगळं लिहून मागवा. हो-नाही तोंडी झालं की पोचल्यावर "ते मॅनेजर सुट्टीवर आहेत" ऐकावं लागतं.

१. अमुक तारखा, अमुक माणसं, अमुक प्लॅन, करासह एकूण रक्कम.
२. खोली कोणती: पॉड, तंबू की डोम. जाहिरातीत पॉड आणि प्रत्यक्षात तंबू, असा अनुभव मला एकदा आलेला आहे.
३. बाथरूम आत की सामाईक.
४. रद्द केलं तर किती दिवस आधी किती परत. परीक्षेच्या तारखा बदलतात, पोरांना ताप येतो.
५. सफारीला पहाटे निघताना नाश्ता डब्यात बांधून देणार का. सीपी प्लॅनमध्ये नाश्त्याचे पैसे भरलेले असतात, आणि नाश्त्याच्या वेळेला तुम्ही जंगलात असता.

आगाऊ रक्कम निम्म्याच्या वर देऊ नका. ती खाजगी नंबरवर मागितली तर बिलावर येणाऱ्या नावाच्याच खात्यात भरायचा आग्रह धरा.

फिरत्या सहलीत पहिल्या आणि गर्दीच्या मुक्कामाचं बुकिंग करा, मधला एखादा मोकळा ठेवला तरी चालतं. मात्र दिवाळीच्या आणि नाताळच्या आठवड्यात पचमढीला खोली न घेता जाणं म्हणजे गाडीतच झोपायची तयारी ठेवणं.

## पायरी ८ : पोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं

बॅगा उघडू नका. एसी सुरू करा, गीझर लावा, नळ सोडा, फ्लश ओढा. चेन किंवा जाळी नीट लागते का बघा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात पलंगाखाली, बाथरूमच्या जाळीपाशी टॉर्च मारा. जंगलकडेला विंचू-साप यायचेच. बूट बाहेर ठेवले तर सकाळी झटकून घाला. काही बिघडलेलं असेल तर दुसरा पॉड लगेच मागा. बॅगा लावून झाल्यावर तुम्ही स्वतःच हलायला तयार नसता.

निघायच्या आदल्या रात्री बिल मागवा, सकाळी नाही. अकराला सगळेच एकदम काउंटरवर येतात, आणि घाईत "एक्स्ट्रा चहा ६" कोणी मोजत नाही. कराचा दर बघा, जादा गादी ठरल्याप्रमाणे आहे का बघा, डब्यात दिलेला नाश्ता वेगळा लावलेला नाही ना ते बघा.

अकराला बाहेर पडल्यावर सरळ नागपूर गाठायची गरज नाही. पेंचहून येताना मनसरला रामटेकचा फाटा लागतो. गडमंदिर करून खिंडसी तलावात नाव घेतली तरी दिव्यांच्या वेळेला घरी पोचता. सोमवारी शाळा असेल तर खिंडसी सोडा.